नकोशा फोनची तक्रार '१९०९'वर करता येते, मग नकोशा ईमेलचं काय?

कर्जाची ऑफर देणारे फोन किंवा एसएमएस सतत येत असतील, तर '१९०९'वर तक्रार करता येते. असे कॉल नकोच असतील, तर तसं नोंदवताही येतं. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजेच 'ट्राय'चे २०१८ चे नियम त्यासाठी आहेत. पण तीच ऑफर ईमेलवर आली तर? हे नियम कॉल आणि एसएमएसपुरतेच आहेत. ईमेलसाठी अशी यंत्रणा भारतात नाही.

त्यामुळे इनबॉक्स सांभाळायचं काम उरतं ते ईमेल कंपन्यांवर आणि तुमच्यावर. यात चुकीचं बटण दाबलं, तर कचरा कमी होण्याऐवजी वाढू शकतो.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत २००३ चा 'कॅन-स्पॅम' कायदा आहे. त्यानुसार जाहिरातीच्या प्रत्येक मेलमध्ये यादीतून बाहेर पडण्याचा मार्ग द्यावा लागतो. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्ये त्रास देण्यासाठी पाठवलेल्या मेलचा उल्लेख होता. पण हे कलम अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात असल्याचं सांगत सर्वोच्च न्यायालयाने ते २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. मेलवरून फसवणूक झाली तर आजही गुन्हा दाखल होतो. निव्वळ नकोशी जाहिरात मात्र त्यात बसत नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामुळे यात फरक पडू शकतो. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं, असं हा कायदा सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार आहेत.

कंपन्यांनी काय बदललं?

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने घाऊक मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना आपल्या डोमेनची ओळख सिद्ध करावी लागते. जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर अनसबस्क्राइब करायची सोय द्यावी लागते आणि विनंती दोन दिवसांत पूर्ण करावी लागते.

तिसरी अट तुमच्याशी थेट संबंधित आहे. 'हा स्पॅम आहे' अशा तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत, म्हणजे हजार मेलमागे तीनपेक्षा कमी ठेवावं लागतं. त्यापलीकडे गेल्यास त्या कंपनीचे मेल अडवले जाऊ शकतात. म्हणूनच मेल नुसता डिलीट करणं आणि 'रिपोर्ट स्पॅम' करणं यात मोठा फरक आहे.

कोणतं बटण कधी दाबायचं?

• ओळखीच्या दुकानाचे किंवा ॲपचे मेल: 'अनसबस्क्राइब' करा. मेलच्या तळाशी लिंक शोधण्यापेक्षा पाठवणाऱ्याच्या नावाजवळ दिसणारं बटण वापरा.

• अनोळखी मेल: 'अनसबस्क्राइब' करू नका, थेट 'रिपोर्ट स्पॅम' करा. आतल्या लिंकवर क्लिक केलं की हा पत्ता चालू आहे, हे पाठवणाऱ्याला कळतं. कधी ती लिंकच बनावट पानावर नेते.

• बँक, आयकर रिफंड किंवा पार्सलच्या नावाने आलेले मेल: त्यातल्या कशावरही क्लिक करू नका. बँकेचं ॲप किंवा आयकर विभागाची वेबसाइट स्वतः उघडून खात्री करा. पाठवणाऱ्याचं नाव काहीही लिहिता येतं, म्हणून त्यामागचा पूर्ण पत्ता तपासा.

पैसे गेलेच, तर लगेच '१९३०' या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे थांबवण्याची शक्यता कमी.

पत्ता पसरतो कसा?

मॉलमधलं बिल, स्पर्धेचा फॉर्म, मोफत वायफाय, फुटलेला डेटा... पत्ता कुठूनही बाहेर जातो. जीमेलमध्ये तो शोधायची एक युक्ती आहे. नोंदणी करताना आपल्या नावापुढे अधिकचं चिन्ह आणि त्या दुकानाचं नाव जोडा. मेल तुमच्याच इनबॉक्समध्ये येतो आणि भलत्याच कंपनीने तोच पत्ता वापरला, तर तो कुठून गेला हे कळतं. काही वेबसाइट मात्र असा पत्ता स्वीकारत नाहीत.

सेटिंग्जमध्ये फोटो आपोआप उघडणंही बंद करता येतं. मेल कुणी वाचला, हे कळण्यासाठी अनेक जाहिरातदार डोळ्यांना न दिसणारं छोटं चित्र त्यात ठेवतात.

स्पॅम फोल्डरही उघडा

फिल्टरही चुकतो. मुलाखतीचं बोलावणं किंवा कॉलेजच्या प्रवेशाचा मेल स्पॅममध्ये जाऊन पडू शकतो आणि जीमेल तिथले मेल ३० दिवसांनी कायमचे पुसून टाकतं. नोकरीसाठी अर्ज केला असेल किंवा प्रवेशाची वाट पाहत असाल, तर तो फोल्डर रोज एकदा तपासा. कामाचा मेल सापडला, तर 'नॉट स्पॅम' दाबा. पुढचा मेल इनबॉक्समध्ये येण्याची शक्यता त्यामुळे वाढते.