बेटावरचा वानप्रस्थ

अंगावर सुरकुत्या पडल्या, केंस पिकले, नातवंडाचें तोंड दिसलें, म्हणजे गृहस्थानें वनाची वाट धरावी असें मनूनें सांगितलें आहे, हें आपल्याकडे बहुतेकांस ठाऊक असतें. त्याच ठिकाणीं मनु आणखी एक गोष्ट सांगतो, ती मात्र फारशी कोणी बोलून दाखवीत नाहीं. जातांना पत्नीस मुलांच्या स्वाधीन करावें, किंवा तिला बरोबर न्यावें, असे दोन पर्याय त्यानें दिले आहेत. पुढें वनास जाण्याची चालच बुडाली आणि पहिल्या पर्यायाचें एक चमत्कारिक रूप तेवढें घरोघर उरलें. यजमान पेन्शन घेऊन झोपाळ्यावर बसले. बाई मुलांच्या, सुनांच्या आणि नातवंडांच्या स्वाधीन राहिल्या. त्यांच्या पेन्शनीची तारीख कोणत्याहि सरकारनें ठरविलेली नाहीं.

या महिन्यांत जी हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों ती फार दूरच्या बेटावरची आहे, आणि ती परधर्मीयांची आहे. तरी ती सांगाविशी वाटते याचें कारण तींत मनूचा दुसरा पर्याय पाळला जातो.

दक्षिण पॅसिफिक महासागरांत, विषुववृत्ताच्या खालीं तेरा-चौदा अंशांवर, सामोआ नांवाचा लहानसा देश आहे. उपोलू व सवाइई हीं दोन मोठीं बेटें, राजधानी अपिया, वस्ती सुमारें दोन लाख. १९६२ च्या १ जानेवारीस हा देश स्वतंत्र झाला. नारळ, केळीं, नीरफणस आणि अळवाचे कांदे यांवर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेली ही भूमि. येथें अमेरिकेच्या युटा प्रांतांतून व इतर ठिकाणांहून वयस्क जोडपीं मिशनरी म्हणून येतात. त्यांतील पुष्कळांनीं साठी ओलांडलेली असते. तीं ज्या पंथाचीं, त्यास लोक मॉर्मन म्हणतात. पंथ स्वतः ‘येशू ख्रिस्ताचें उत्तरकालीन संतांचें मंडळ’ असें लांबलचक नांव सांगतो. जोसेफ स्मिथ यानें हा पंथ १८३० सालीं न्यूयॉर्क प्रांतांत स्थापिला आणि १८४७ सालीं ब्रिगहॅम यंग याच्या नेतृत्वाखालीं त्याच्या अनुयायांनीं युटांतील खाऱ्या सरोवराकांठीं वस्ती केली. सामोआशीं त्याचा संबंधहि जुना आहे. १८८८ सालीं जोसेफ डीन हा तरुण आपली पत्नी फ्लॉरेन्स व तान्हें मूल घेऊन औनुऊ या चिमुकल्या बेटावर उतरला, तेव्हांपासूनचा.

‘मिशनरी’ हा शब्द आमच्या वाचकांच्या घरांत कोणत्या कानानें ऐकला जातो हें आम्ही जाणतों. मुंबईस १८१३ सालीं अमेरिकन मिशन आलें. पुढें शाळा, छापखाना, दवाखाना आणि धर्मांतर हीं चारहि एकाच गाडींतून आलीं. पहिलीं तीन उतरवून घ्यावीं व चौथें परत पाठवावें ही कसरत आपल्या पणजोबांनीं केली. ती सावधगिरी आम्हींहि टाकलेली नाहीं. पण सामोआचा प्रकार निराळा आहे. तेथें लंडन मिशनरी सोसायटीचे जॉन विल्यम्स १८३० सालींच पोंचले होते आणि बायबलाचें संपूर्ण सामोअन भाषांतर १८५५ पर्यंत तयार झालें होतें. ही मंडळी ज्या बेटावर जातात तें बेट दीड शतकाहून अधिक काळ ख्रिस्तीच आहे. तेथें कोणी मूर्तिपूजक उरलेला नाहीं कीं ज्याचा ‘उद्धार’ करावा. फार तर एका मंडळांतून दुसऱ्यांत माणसें ओढण्याची चढाओढ चालते.

आतां व्यवस्था पाहूं. या पंथाचे तरुण मुलगे दोन वर्षें व मुली दीड वर्ष मिशनवर जातात, हें पुष्कळांस माहीत असेल. पांढरा सदरा, काळी पाटी, दोघे-दोघे बरोबर. वयस्क जोडप्यांचे नियम याहून सैल आहेत. मुदत सहा, बारा, अठरा किंवा तेवीस महिने. घरीं अठरा वर्षांखालचें मूल अवलंबून नसावें व प्रकृति त्या जागेस झेपणारी असावी. दारोदार हिंडून उपदेश करण्याचें बंधन नाहीं. पगार नाहीं, उलट राहण्या-जेवण्याचा खर्च ज्याचा त्यानें करावयाचा, आणि त्याकरितां कित्येक जोडपीं वर्षानुवर्षें शिल्लक टाकीत असतात. घरभाडें अवाच्या सवा होऊं लागलें तेव्हां २०११ सालीं मंडळानें जोडप्यावरील भाड्याचा बोजा महिना १४०० डॉलरपर्यंत मर्यादित केला. घरीं कांहीं महत्त्वाचा प्रसंग आला तर स्वखर्चानें सात-दहा दिवस जाऊन येण्याची सवलतहि त्याच वर्षीं दिली. जगाचा त्याग केला आणि नातवाच्या बारशाला मुकलों, असा कडक संन्यास त्यांत नाहीं.

आणि कामें? हीं ऐकून एखाद्याची निराशाच होईल. कचेरींतील पत्रें व हिशेब; तरुण मिशनऱ्यांच्या बिऱ्हाडांवर देखरेख, म्हणजे पिण्याचें पाणी स्वच्छ आहे ना, मच्छरदाणी फाटली नाहीं ना, घरमालकास भाडें पोंचलें ना; मंडळाच्या शाळांतून शिक्षकांस मदत; कोणी परिचारिका असेल तर आजाऱ्यांस सल्ला; कोणी कारागीर असेल तर पाण्याची टांकी आणि नळ. तिकडे चाळीस वर्षें दुकान चालविलेला मनुष्य इकडे मच्छरदाण्या मोजीत बसतो. त्यांचा मिशन-अध्यक्ष तीन वर्षांकरितां नेमलेला असतो व पुष्कळदां वयानें त्यांच्याहून लहान असतो. त्याच्या हुकुमांत वागावयाचें. आम्हांस यांतील खरी अवघड गोष्ट हीच वाटते. दान देणें सोपें, उपदेश करणें त्याहून सोपें. पासष्टाव्या वर्षीं दुसऱ्याच्या हाताखालीं, किरकोळ काम, नवख्या गांवीं, हें आमच्यांतील किती पेन्शनर मंडळींस जमेल?

सामोअन लोकांना मात्र हाच प्रकार उलटा वाटत असावा. तेथें विस्तारलेल्या कुटुंबास ‘आइगा’ म्हणतात आणि त्याच्या प्रमुखास ‘मताइ’. आपल्याकडील कर्ता पुरुष वयानें ठरतो. मताइ हा कुटुंबानें एकत्र बसून, विचार करून निवडावयाचा असतो, आणि स्त्रीलाहि ही पदवी मिळूं शकते. (आमच्या धर्मशास्त्रज्ञ वाचकांनीं या वाक्यावर क्षणभर थांबावें.) कुटुंबाची जमीन त्याच्या देखरेखीखालीं असते. तरुणांनीं त्याची सेवा करावी. या सेवेस ‘तौतुआ’ असा शब्द आहे, आणि अशी सेवा केलेल्यासच पुढें पदवीचा अधिकार पोंचतो. अर्थात् सेवा ही तरुणपणाची आणि मान हा म्हातारपणाचा. अशा देशांत पांढऱ्या केसांचें जोडपें येतें आणि म्हणतें, आम्ही सेवेला आलों. त्यांना आधीं चटईवर बसवून मान दिला जातो, खाऊं घातलें जातें, आणि काम मागितल्याबरोबर तें तरुणांकडून करवून घेण्याचीच यजमानांची प्रवृत्ति असते. सेवा करूं देणें हेंहि एक औदार्य आहे, आणि तें यजमानांकडून मिळवावें लागतें.

चटईचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतों. सामोअन घर, म्हणजे ‘फालें’, पूर्वापार खांबांवर उभें, चोहोंबाजूंनीं उघडें, पावसांत झापांचे पडदे सोडावयाचे. त्यांत खालीं मांडी घालून बसावयाचें. पाय दुसऱ्याकडे पसरणें हा असभ्यपणा. फारच दुखूं लागले तर वरून चटई पांघरून मग लांबवावे. वडील माणूस बसलें असतां उभ्यानें बोलूं नये. समोरून जावें लागलें तर वाकून, ‘तुलोऊ’ म्हणत जावें. हें वाचून आमच्या घरांतील म्हाताऱ्या मंडळींस वाटेल कीं यांत शिकण्यासारखें काय आहे! पण जन्मभर खुर्चीवर बसलेल्या गुडघ्यांना तो पहिला महिना कसा जात असेल याची कल्पना करावी. संध्याकाळीं खेड्यांतून शंख किंवा घंटा वाजते, तो ‘सा’ म्हणजे प्रार्थनेचा समय. रस्त्यावरची ये-जा थांबते आणि ज्याचें त्याचें कुटुंब घरांत एकत्र बसतें. दिवेलागणीच्या परवच्याची आठवण व्हावी असाच तो समय. रविवारीं पहांटेपासून तापलेल्या दगडांच्या भट्टींतून धूर निघूं लागतो. कोंवळ्या अळवाच्या पानांत नारळाचें घट्ट दूध घालून भाजलेला ‘पालुसामी’ हा त्या जेवणांतील मानाचा पदार्थ. पाहुण्या जोडप्यास त्यांच्या पंथानें दारू, तंबाखू, कॉफी आणि चहादेखील वर्ज्य केला आहे, पण स्थानिक कोकोस मनाई नाहीं, म्हणून आदरातिथ्य अडत नाहीं. महिन्याच्या पहिल्या रविवारीं तीं दोन वेळचें जेवण सोडतात आणि त्याची किंमत गरिबांकरितां देतात. आपल्या एकादशीला साबुदाण्याचा खर्च उलट वाढतो, हा आमच्या घरचा अनुभव आहे.

पण अडचणीचा प्रश्न चटईचा नाहीं, नातवंडांचा आहे. ज्या देशांत आजी म्हणजे घराचा आधारखांब, तेथील बाईनें या पाहुणीस विचारावें कीं तुझीं नातवंडें कोणाजवळ टाकून आलीस, मुलांनीं तुम्हांस घराबाहेर काढलें कीं काय, तर त्यांत नवल नाहीं. आमच्याहि मनांत प्रथम तेंच आलें. अमेरिकेंत मुलें वेगळीं राहतात, घरांत दोघेंच असतात, म्हणून जाणें सोपें असतें असें उत्तर आम्हीं स्वतःशीं दिलें. तें अर्धेंच खरें आहे. युटांतील हीं कुटुंबें चांगलीं मोठीं, लेकुरवाळीं असतात. आजी तेथेंहि हवीच असते. ती दर आठवड्यास दूरध्वनीवर नातवंडांस पाहते, आणि त्यांतहि एक गंमत आहे. सामोआनें व्यापाराच्या सोयीसाठीं २०११ सालीं आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली. त्याकरितां ३० डिसेंबर, शुक्रवार, हा दिवस क्षयतिथीसारखा पंचांगांतून गाळला. त्यामुळें आतां आजीची रविवारची दुपार म्हणजे नातवाची शनिवारची संध्याकाळ. आजी प्रार्थनेहून आलेली असते, तेव्हां त्याचें उद्यांच्या प्रार्थनेचे बूट पुसणें चाललेलें असावयाचें.

या जोडप्यांचें एक काम मात्र असें आहे कीं त्याचें आम्हांस आकर्षणहि वाटतें आणि भीतिहि. मॉर्मन पंथास वंशावळींचें वेड आहे. जगभरच्या जन्ममृत्यूच्या नोंदी छायाचित्रें घेऊन जतन करण्याच्या कामावरहि वयस्क जोडपीं नेमलीं जातात. सामोआंत वंशावळीस ‘गाफा’ म्हणतात. पदव्या व जमिनी यांचे हक्क तिच्यावर उभे असल्यानें ती कुटुंबें जपून ठेवतात आणि परक्यास सहजासहजीं सांगत नाहींत. कुलवृत्तान्ताचे ग्रंथ ज्यांच्या कपाटांत आहेत त्या वाचकांना या कामाची किंमत वेगळी सांगावयास नको. परंतु हा पंथ मृत पूर्वजांच्या नांवें त्यांच्या वंशजांना बाप्तिस्मा घेऊं देतो. मृतात्म्यास तो स्वीकारण्याचें वा नाकारण्याचें स्वातंत्र्य आहे असें ते म्हणतात, आणि आपल्याच पूर्वजांचीं नांवें द्यावींत असा नियमहि आहे. तरी जो आजोबा जन्मभर आपल्या देवाशीं एकनिष्ठ राहिला त्याच्या पश्चात् त्याचें नांव दुसऱ्या वहींत घालणें आमच्या मनास पटत नाहीं. सेवा किती निर्मळ असली तरी ती कोणत्या भांड्यांतून येते हें पाहावें लागतें, तें असें.

दुसरी गोष्ट अशी कीं दांपत्यानें मिळून परमुलुखास जाणें हा कांहीं अमेरिकनांचा शोध नव्हे. अपियाच्या पश्चिमेस मालुआ येथें लंडन मिशनची पाठशाळा १८४४ सालीं निघाली. तेथें विवाहित विद्यार्थी पत्नीसह राहात, बागाईत करून पोट भरीत, आणि पत्नींनाहि शिक्षण मिळे. पुढें अशीं सामोअन जोडपीं तुवालु, टोकेलाऊ, पापुआ येथवर गेलीं. पापुआंत हिवतापानें कित्येक तिकडेच राहिलीं. तुवालूंत तर त्यांचा पगडा असा बसला कीं तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या सामोअन बायबल वाचीत. स्वतःच्या भाषेंतील संपूर्ण बायबल त्यांस १९८७ सालीं मिळालें. गोऱ्या मिशनऱ्यांचीं चरित्रें पुष्कळ छापलीं गेलीं. या जोडप्यांचीं, विशेषतः त्यांतील बायकांचीं, फारच थोडीं.

आमच्याकडील वयस्क जोडपीं परदेशीं जात नाहींत असें नाहीं. सहा महिन्यांचा परवाना काढून, मेतकूट व भाजणीचे डबे बांधून, न्यूजर्सी नाहींतर कॅलिफोर्नियास जाणारीं कितीतरी जोडपीं आमच्या ओळखीचीं आहेत. मिशनची लहानांत लहान मुदतहि सहाच महिन्यांची. तेंच वय, तेंच विमान, तेच सुजलेले पाय. सुनेचें बाळंतपण हें काम थोर नव्हे असें आम्ही म्हणणार नाहीं; ज्यांनीं तें केलें त्यांच्यावरच आमचीं घरें उभीं आहेत. पण त्या प्रवासांतहि आजोबा बागेंत फिरावयास जातात आणि आजी स्वयंपाकघरांत जाते, एवढें दिसतें.

हा मजकूर छापावयास देण्यापूर्वीं घरांतील मंडळींस आम्हीं वाचून दाखविला. पुरुषांत लगेच वाद माजला. धर्मप्रसार, डॉलर, अमेरिकेचें राजकारण, कांहीं विचारूं नये. काकू कोपऱ्यांत वाती वळीत बसल्या होत्या. सगळें शांत झाल्यावर त्यांनीं एवढेंच विचारलें, “त्या बाईचें वय काय म्हणालांत?”

“साठ-पासष्ट असेल.”

काकूंनीं कापूस मांडीवर ठेवला, बोटांवर मनाशीं कांहीं हिशेब केला, आणि मग पुढची वात वळावयास घेतली.