परीक्षा ओढ्याच्या पाण्यावर घ्या

माझे वडील इचलकरंजीत एका प्रोसेसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यात, जिगर या रंगाईच्या यंत्रावर कामाला होते. ते घरी आले की आई आधी त्यांच्या हातांकडे बघायची आणि त्या दिवशी कुठला रंग चालला होता ते ओळखायची. नखांच्या कडेला बसलेला तांबडा किंवा काळा रंग राखेनं घासूनही जायचा नाही. कापडावर न बसता पाण्यातच राहून गेलेला रंग तितकाच चिवट असतो, हे मला पुढे रसायनशास्त्र शिकताना कळलं. काळ्या ओढ्याचं पाणी पंचगंगेला मिळताना मात्र मी लहानपणापासून बघत आले आहे.

आता मी कॉलेजात शिकवते. दरवर्षी एम.एस्सी.ची मुलं प्रकल्पाचे विषय घेऊन येतात, त्यात एक ठरलेला असतो : शेतातल्या टाकाऊ मालानं पाण्यातला रंग काढणं. प्रयोग देखणा आहे. उसाचं चिपाड गरम पाण्यानं दोन-तीनदा धुवायचं, नाहीतर त्याचीच साखर आणि तपकिरी रंग पाण्यात उतरतो. मग वाळवून, दळून, चाळून घ्यायचं. मिथिलीन ब्लूच्या गडद निळ्या द्रावणात त्याचा चमचाभर भुसा टाकून शेकरवर ठेवला, की तासाभरानं गाळलेलं पाणी जवळजवळ नितळ निघतं. चिपाडाच्या कणांवर पाण्यात ऋण भार येतो, मिथिलीन ब्लूचा रेणू धन भाराचा. त्यामुळे रंग कणांच्या पृष्ठभागाला धरून बसतो. याला अधिशोषण म्हणतात. मुलं आनंदानं लिहितात, ‘नव्वद टक्क्यांहून अधिक रंग गेला.’

चार वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी ओढ्याकाठच्या एका पाइपच्या तोंडाशी पाणी भरून घेऊन आली. “मॅडम, ह्यात टाकून बघूया की,” म्हणाली. टाकलं. तासानं गाळलं, तर लालसर काळं पाणी होतं तसंच. सामू मोजला, तो नऊच्या वर. सुती कापडाला लागणारे रिॲक्टिव्ह रंग ऋण भाराचे असतात आणि ते कापडावर पक्के बसवायला सोडा लागतो. रंगही ऋण, चिपाडही ऋण. दोघं एकमेकांना दूर लोटतात. आम्ही आम्ल घालून सामू तीनपर्यंत उतरवला, तेव्हा कुठे रंग फिका पडला. पण रोजच्या लाखो लिटर पाण्यात एवढं आम्ल कोण ओतणार आणि नंतर ते चुन्यानं कोण मारणार?

त्या दिवसापासून मला एकच म्हणायचं आहे. शेतमालाच्या उरल्यासुरल्यातून पाणी स्वच्छ करता येईल, या कल्पनेवर माझा विश्वास आहे. म्हणूनच तिची परीक्षा खऱ्या पाण्यावर घ्या. बेलफास्टच्या संशोधकांनी पीट आणि लाकडाच्या भुशानं रंग काढून पाहिला, त्याचे निबंध १९७६ साली छापून आले. त्याला अर्धं शतक होत आलं. तेव्हापासून भाताचं तूस, शेंगांची टरफलं, संत्र्याच्या साली, मक्याची बुरकुंडं असं सगळं तपासून झालं. त्यातले ढीगभर प्रयोग शुद्ध पाण्यात एकच रंग विरघळवून केलेले आहेत. आपल्या ओढ्यात एकच रंग कधी नसतो. चार-पाच रंग, सोडा, साबण, खळ आणि मीठ एकत्र वाहतात. गडद छटेला दर लिटर पाण्यामागे पन्नास ग्रॅमहून अधिक मीठ लागतं. ते मीठ कुठल्याही भुशाला अडत नाही. आधीच क्षारपड झालेल्या शिरोळच्या रानांना हे सांगायची गरज नाही.

टाकाऊ म्हणजे काय, तेही आपल्याकडे बघून ठरवायला हवं. चिपाड टाकाऊ राहिलेलं नाही. गुऱ्हाळाच्या चुलाणाला ते लागतं, साखर कारखान्याच्या बॉयलरला आणि वीजनिर्मितीला लागतं. टाकाऊ आहे ती बॉयलरची राख. तिच्यात अर्धवट जळालेला कोळसा असतो आणि रुरकीच्या संशोधकांनी तिनं रंग धरल्याचं दाखवलेलं आहे. टाकाऊ आहे ते पाचट, जे आजही फडात पेटवलं जातं. जमिनीला हवं तेवढं सरीत कुजू द्यावं. जे पेटणारच आहे त्याचा बंद भट्टीत कोळसा करून पाहावा.

आणखी एक प्रश्न मुलांच्या अहवालात कधीच नसतो : रंग प्यायलेला भुसा जाणार कुठे? रंग नाहीसा झालेला नसतो, त्यानं फक्त जागा बदललेली असते. तो भुसा ओढ्याकाठी टाकला तर पहिल्या पावसात रंग पुन्हा पाण्यात. म्हणून जिथे गाळणी, तिथेच त्या भुशाच्या विल्हेवाटीची सोय आधी हवी. आणि अशी गाळणी बसवली म्हणून सामुदायिक सांडपाणी प्रकल्पातून कुणाला सूट मिळता कामा नये. छोट्या रंगाईवाल्याला परवडणारी ती एक पायरी आहे, त्याहून जास्त काही नाही.

संशोधनाला पैसे देणाऱ्यांनी म्हणून तीन गोष्टी विचाराव्यात. खऱ्या सांडपाण्यावर किती रंग गेला? शेकरवरच्या फ्लास्कऐवजी सतत वाहत्या पाण्याच्या नळीत भुसा किती तास टिकला? आणि वापरलेल्या भुशाचं काय केलं?

माझ्या विद्यार्थ्यांना मी हा नियम घातला आहे. मिथिलीन ब्लू पहिल्या आठवड्यापुरता, हात बसेपर्यंत. पुढे पाणी ओढ्याचंच. यंदाच्या गटानं पाचटाचा कोळसा वापरला, तेव्हा निम्मासुद्धा रंग गेला नाही. मुलं हिरमुसली, पण आकडा त्यांनी आहे तसाच लिहिला आणि कोळसा जास्त तापवून पुन्हा मांडणी केली. नव्वद टक्क्यांच्या सगळ्या अहवालांपेक्षा मला तो आकडा मोलाचा वाटतो, कारण तो आमच्या नदीचा आहे.