वाक्यांचा सौदा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात, तेव्हा व्यापारी माल हातात घेऊन पारखतो आणि मगच बोली लावतो. इंग्रजी व्याकरणाच्या तासालाही असा सौदा काढता येतो. मारिओ रिन्वोलुक्री यांच्या १९८४ सालच्या ‘ग्रामर गेम्स’ या पुस्तकात वाक्यांचा लिलाव आहे. फळ्यावर दहा वाक्यं, काही बरोबर, काही चुकीची. प्रत्येक गटाकडे लुटुपुटीचे हजार रुपये. बरोबर वाक्यं तेवढी विकत घ्यायची.

‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ बोलीला आलं की गटागटांत कुजबुज सुरू होते. मराठीत ‘मी त्याला काल पाहिलंय’ सहज चालतं, त्यामुळे अनेकांना या वाक्यात खोट दिसत नाही. ‘हॅव सीन’च्या जोडीला ‘यस्टरडे’ का बसत नाही, हे पैसे लावण्याआधी गटातल्या कुणाला तरी पटवून द्यावं लागतं. ‘डिस्कस्ड अबाउट द पोएम’चंही तेच, मराठीत ‘कवितेविषयी चर्चा’ होते, म्हणून तो ‘अबाउट’ आपसूक येतो. ही वादावादी मराठीतून झाली तरी बिघडत नाही. व्याकरण तिथेच पक्कं होतं.

मोबाइलवरच्या प्रश्नमंजूषेत ही वादावादी सहसा होत नाही. कहूट या प्रश्नमंजूषेच्या ॲपवर लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात. माण-खटाव किंवा जत-आटपाडीहून एसटीने येणाऱ्या, मराठी माध्यमातल्या मुलीचा वेळ प्रश्न वाचण्यातच जातो. नियम तिला येत असतो, तरी ती यादीत खाली राहते. हा तिच्यावर अन्याय आहे. प्रश्नाची वेळ वाढवण्याची सोय तिथे आहे. शिक्षकांनी ती जरूर वापरावी.

गुणफलकाचा मोह तर आवरलाच पाहिजे. हॅनस आणि फॉक्स या अमेरिकी संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बिल्ले आणि क्रमवारी लावलेल्या वर्गाची शिकण्याची ओढ सत्रभरात, बिल्ले आणि क्रमवारी नसलेल्या दुसऱ्या वर्गापेक्षा कमी झाली. अंतिम परीक्षेतले गुणही कमी पडले. तो विषय व्याकरणाचा नव्हता, पण इशारा इथेही लागू आहे.

म्हणून खेळातले गुण अंतर्गत मूल्यमापनात धरू नयेत. गुण धरले की विद्यार्थी धोका पत्करत नाही, हुशार मुलाच्या मागे गप्प बसतो. मोठ्या वर्गात बाक न हलवता पुढच्या-मागच्या बाकांचे गट करावेत. बोलीची वाक्यं विद्यार्थ्यांच्याच वह्यांतून, नाव न सांगता निवडावीत आणि चुकीचं वाक्य घेणाऱ्या गटाला ते तासाभरात दुरुस्त करून परत विकायची मुभा द्यावी.