कुंपणाची नेमणूक कोणाच्या हाती?

कंपन्यांचा कारभार हा वकील, हिशेबनीस आणि शेअरदलाल यांच्या चर्चेचा विषय. पगारदार मध्यमवर्गाचा त्याच्याशी संबंध काय, ही समजूत आजही दृढ आहे. वास्तविक तिचा आधार केव्हाच नाहीसा झाला. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीत नव्याने जमा होणाऱ्या रकमेचा काही भाग २०१५ पासून भागबाजारात गुंतविला जाऊ लागला. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर महाराष्ट्र शासनाच्या सेवेत आलेल्यांना जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदायी योजना लागू झाली आणि त्या पैशालाही भागबाजाराची वाट मोकळी झाली. ज्या शिक्षकाने वा कारकुनाने जन्मात एकही शेअर विकत घेतला नाही, तोही अशा रीतीने अनेक कंपन्यांचा अप्रत्यक्ष भागधारक होऊन बसला आहे. आशियातील कंपन्यांचा पैसा कोणत्या वाटेने कोठे जातो, याविषयी गेल्या पाव शतकात विद्यापीठांतून झालेले संशोधन म्हणूनच त्याच्या जिव्हाळ्याचे ठरते.

या संशोधनाने प्रथम मूळ प्रश्नच बदलला. बर्ली आणि मीन्स या अमेरिकन अभ्यासकांनी १९३२ मध्ये असे दाखविले होते की, मोठ्या कंपनीचे मालक असंख्य आणि विखुरलेले असतात; त्यामुळे खरी सत्ता पगारी व्यवस्थापकांच्या हाती जाते. हेच चित्र सर्वत्र लागू आहे, असे पुढे कित्येक दशके गृहीत धरले गेले. २ जुलै १९९७ रोजी थायलंडने आपले चलन मोकळे सोडले आणि पूर्व आशियातील एकेक अर्थव्यवस्था कोसळू लागली, तेव्हा या गृहीताची फेरतपासणी अटळ झाली. क्लासेन्स, जांकोव्ह आणि लँग यांनी पूर्व आशियातील नऊ अर्थव्यवस्थांतील २,९८० कंपन्यांच्या मालकीची छाननी केली. २००० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, दोनतृतीयांशांहून अधिक कंपन्या एकाच भागधारकाच्या मुठीत होत्या, आणि तो भागधारक बहुधा एखादे कुटुंब होते. तात्पर्य, येथील झगडा मोठ्या मालकाचा आणि लहान मालकाचा आहे.

हा झगडा समजण्यास साधे अंकगणित पुरेसे आहे. एका कुटुंबाकडे पहिल्या कंपनीचे ५१ टक्के भाग आहेत. पहिलीकडे दुसरीचे ५१ टक्के आणि दुसरीकडे तिसरीचे ५१ टक्के आहेत, असे समजू. तिन्ही कंपन्यांत हुकूम कुटुंबाचाच चालेल. परंतु तिसरीच्या नफ्याच्या प्रत्येक रुपयात कुटुंबाचा खरा वाटा अवघा १३ पैसे राहील. आता तिसरीतील एक रुपया चढ्या दराची खरेदी, नाममात्र व्याजाचे कर्ज अशा एखाद्या निमित्ताने पहिल्या कंपनीत नेला, तर कुटुंबाचे १३ पैसे जातात आणि ५१ पैसे पदरात पडतात. उरलेली झीज लहान भागधारकांनी सोसायची. अभ्यासकांनी या प्रकाराला भुयार खणण्याची उपमा दिली आहे. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण त्याला अधिक चपखल बसते. दळणाऱ्याला पीठ कमी झाल्याचे कळतसुद्धा नाही.

असे भुयार भारतात आहे काय? मरियान बर्ट्रांड, पारस मेहता आणि सेंधिल मुल्लईनाथन यांनी २००२ मध्ये या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर दिले. धंद्याला बरकत आली की समूहाच्या तळाकडील कंपनीच्या नफ्यात जेवढी वाढ दिसावयास हवी तेवढी दिसत नाही, आणि वरच्या कंपनीत मात्र ती उमटते, असे त्यांनी ताळेबंदांवरून दाखविले. हा शेवटचा शब्द मात्र नव्हे. सीगल आणि चौधरी यांनी २०१२ मध्ये या पद्धतीवरच आक्षेप घेऊन उलट निष्कर्ष काढला. त्याआधी खन्ना आणि पालेपू यांनीही एका वेगळ्या बाजूकडे लक्ष वेधले होते. जेथे न्यायालये मंदगती आहेत, भांडवल दुर्मीळ आहे आणि विश्वासू माणसे मिळणे कठीण आहे, तेथे उद्योगसमूह या उणिवा स्वतःच भरून काढतात, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा प्रत्येक उद्योगघराण्याकडे संशयाने पाहणे अन्यायाचे होईल. परंतु प्रामाणिक घराण्यालाही भुयाराची वाट खुली ठेवणारी व्यवस्था निर्दोष ठरत नाही.

कायद्याने काही साधते काय, या प्रश्नावरही संशोधनाने प्रकाश टाकला आहे. सायमन जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ उदयोन्मुख देशांची तुलना केली. लहान भागधारकाला कायद्याचे संरक्षण जेथे दुबळे होते, तेथे त्या संकटात चलन आणि भागबाजार अधिक घसरले, असे त्यांना आढळले. दक्षिण कोरियाने संकटानंतर दोन लाख कोटी वॉनहून अधिक मालमत्तेच्या कंपन्यांत निम्मे संचालक बाहेरचे असावेत, असा दंडक घातला. ब्लॅक, जँग आणि किम यांनी ५१५ कोरियन कंपन्या अभ्यासून असे दाखविले की, बाहेरचे संचालक निम्मे असलेल्या कंपन्यांचे बाजारमूल्य लक्षणीय वरचढ होते. म्हणजे कायदा निष्फळ असतो, हा निराशावाद खरा नाही.

मग भारतात स्वतंत्र संचालक असूनही ‘सत्यम’ कशी घडली? प्रवर्तकांचा वाटा दहा टक्क्यांहूनही खाली आलेल्या या कंपनीच्या संचालक मंडळाने १६ डिसेंबर २००८ रोजी अध्यक्षांच्या कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या विकत घेण्याचा बेत मंजूर केला. मंडळावर हार्वर्डचा नामांकित प्राध्यापक होता. त्याच वर्षी कंपनीला उत्तम कारभाराचे पारितोषिकही मिळाले होते. तो बेत गुंतवणूकदारांच्या क्षोभाने काही तासांत उधळला, आणि ७ जानेवारी २००९ रोजी ताळेबंदातील सुमारे ५,०४० कोटी रुपयांची रोकड व बँकशिल्लक खोटी असल्याची कबुली अध्यक्षांनीच दिली. कुंपण होते, त्याची राखण मात्र झाली नाही.

त्यानंतर २०१३ चा कंपनी कायदा आला. नोंदणीकृत कंपनीचा संबंधितांशी होणारा मोठा व्यवहार हितसंबंधी भागधारकांना आता स्वतःच्या मतांनी मंजूर करून घेता येत नाही. ही सुधारणा मोलाची आहे. परंतु राखणदार नेमण्याच्या वेळी मोठ्या मालकाचे मत पूर्ववत मोजले जाते. स्वतंत्र संचालकाच्या नेमणुकीला लहान भागधारकांच्या बहुमताचीही वेगळी संमती घ्यावी, असा विचार सेबीने २०२१ मध्ये चर्चेसाठी पुढे ठेवला होता. अखेरीस तो मागे पडला आणि विशेष ठरावावर समाधान मानले गेले. ज्याच्यावर पहारा ठेवायचा त्यानेच पहारेकरी निवडायचा, ही विसंगती त्यामुळे कायम राहिली. तो प्रस्ताव पुन्हा विचारात घेणे अगत्याचे आहे.

प्रवर्तकांच्या बाजूने असे म्हटले जाईल की, लहान भागधारक मतदानाला येतच नाहीत. हे बव्हंशी खरे आहे. पण शिक्षकांचा आणि कारकुनांचा पैसा ज्या निधींमार्फत बाजारात जातो, ते निधी विखुरलेले नाहीत. त्यांच्याकडे मते आहेत. ती कोणत्या ठरावावर, कोणाच्या बाजूने आणि का दिली, याचा हिशेब त्यांनी सभासदांना समजेल अशा मराठीत वर्षातून एकदा द्यावा, अशी मागणी कर्मचारी संघटनांनी आता केली पाहिजे. महागाईभत्त्याच्या अर्ध्या टक्क्यासाठी जागरूक असलेल्या संघटनांनी निवृत्तीच्या पुंजीबाबत उदासीन राहावे, हे शोभणारे नाही. संशोधकांनी भुयार कोठे असू शकते ते दाखविले आहे. ते बुजविण्याचा आग्रह ज्यांचे पीठ जाते त्यांनाच धरावा लागेल.