भिंगारकरांनो, अपघातांची वही ठेवा

मधूनमधून पेपरात आतल्या पानावर एक चौकट येते. गेल्या महिन्यात अपघात इतके, मृत्यू इतके, आधीच्या महिन्यापेक्षा इतके जास्त किंवा इतके कमी. जास्त असले की दोन दिवस टपरीवर संताप, मग एक निवेदन, निवेदन देतानाचा फोटो, संपलं. कमी असले की 'कारवाई केली म्हणून फरक पडला' असं म्हणून आपण पान उलटतो. माझं म्हणणं असं की दोन्ही वेळा आपली फसगत होते. भिंगारएवढ्या गावात एका महिन्याच्या आकड्यावरून रस्ता सुधारला की बिघडला, हे कळत नाही.

कारण साधं आहे. लहान आकडे आपोआप वरखाली होतात. समजा, एखाद्या ठाण्याच्या हद्दीत महिन्याला सरासरी तीन गंभीर अपघात होतात. रस्ता तोच, गाड्या त्याच, चालवणारे तेच. वर्षभरात काडीचाही बदल झाला नाही. तरीसुद्धा हिशेब मांडला तर त्या वर्षात एखादा महिना सहा किंवा जास्त अपघातांचा निघण्याची शक्यता तीनात दोन येते. एकही अपघात नाही असा महिना निघण्याची शक्यताही जवळजवळ निम्मी. पच्चिशीत लागोपाठ दोनदा पंचवीस पडले म्हणून कवड्या बदलल्या, असं कोणी म्हणत नाही. अपघातांच्या बाबतीत मात्र आपण लगेच म्हणतो.

यातून एक गंमत होते, आणि ती महागात पडते. सहा अपघातांच्या महिन्यानंतर आरडाओरडा होतो. मग रातोरात डांबराचा एक उंचवटा टाकला जातो, आठ दिवस नाक्यावर पावत्या फाडल्या जातात. पुढच्या महिन्यात आकडा तीनवर येतो. तो तसाही येणारच होता. पण श्रेय उंचवट्याला जातं आणि उंचवटा कायमचा राहतो. मग त्याच उंचवट्यावरून रात्री एखादी मागे बसलेली बाई उडून पडते. आपलं पडणं ठाण्यात नोंदवायला ती जात नाही, त्यामुळे ते कुठल्याच आकड्यात येत नाही. गतिरोधकालाही माप असतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल गतिरोधकाची उंची 10 सेंटिमीटर आणि रुंदी 3.7 मीटर आहे. म्हणजे जेमतेम अर्ध्या वितेएवढी उंची आणि जवळजवळ दोन पुरुष रुंदी. आपल्याकडे बरोबर उलटं असतं, अरुंद आणि उंच. त्यावर पांढरे पट्टेही नसतात. राष्ट्रीय महामार्गावर तर असे उंचवटे टाकायचेच नाहीत असं केंद्राचं धोरण आहे, आणि भिंगारवरून जाणारा पाथर्डी रस्ता हा कल्याण-विशाखापट्टणम महामार्ग आहे, क्रमांक 61. तिथे मागायच्याच असतील तर रंबल स्ट्रिप मागा.

आता कोणी म्हणेल, मग महिने बघायचेच नाहीत का? बघायचे. पण आपले महिने बघायचे. या रस्त्याला हंगाम आहेत आणि इथल्या माणसाला ते तोंडपाठ आहेत, फक्त त्याने ते कधी कागदावर मांडलेले नसतात. नवरात्रात मोहट्याला रात्रीची पायी जाणारी मंडळी असतात. होळीपासून पाडव्यापर्यंत मढीची यात्रा, तेव्हा टेम्पो, जीप, दुचाक्या यांची रीघ लागते. दसऱ्यानंतर पाथर्डीकडचा ऊसतोड मजूर बिऱ्हाड ट्रॅक्टरवर टाकून कारखान्याच्या वाटेला लागतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. मधले चार-पाच महिने उसाच्या ट्रॉल्या. मे महिन्यात लग्नतिथी, आणि लग्नाहून रात्री परतणारी दमलेली माणसं.

यातली बरीच गर्दी तिथीवर चालते, तारखेवर नाही. 2023 साली घटस्थापना 15 ऑक्टोबरला होती. 2025 साली ती 22 सप्टेंबरला आली. सरकारी तक्ता इंग्रजी महिन्याचा. त्यामुळे 2025 चा सप्टेंबर 2023 च्या सप्टेंबरशी ताडून पाहिला तर सप्टेंबर बिघडला आणि ऑक्टोबर सुधारला असं दिसेल. खरं तर फक्त नवरात्र सरकलेलं असतं. अधिक मास आला की मढीचंही तेच. तेव्हा तुलना करायची तर नवरात्राची नवरात्राशी करा, गळीत हंगामाची गळीत हंगामाशी. हे शहाणपण कुठल्याही संगणकापेक्षा आपल्या भिंतीवरच्या पंचांगात जास्त आहे.

उसाच्या ट्रॉलीपाशी थोडं थांबायला हवं. संध्याकाळचे सात वाजलेत. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, उसाची वाढी दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेली. मागचा दिवा असलाच तर उसाने झाकलेला. रेडियमची पट्टी कधीकाळी लावलेली, आता तिच्यावर चिखल. टायर पंक्चर झालं म्हणून ट्रॉली डांबरावरच उभी, साइडपट्टीवर उतरवली तर कलंडेल या भीतीने. मागे इशारा म्हणून दोन दगड आणि उसाच्या चार कांड्या. समोरून येणाऱ्या गाडीचा अप्पर डोळ्यांवर. अशात तुम्ही मोटरसायकलवर ताशी 60 ने येताय. 60 चा वेग म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त. समोर काहीतरी आहे हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर 25 मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक असले तरी थांबायला आणखी 23-24 मीटर लागतात. एकूण जवळजवळ पन्नास मीटर. डिपरवर साध्या दिव्यात इतक्या लांबचं काळं-तपकिरी काही दिसत नाही. म्हणजे तुम्ही कितीही सराईत असलात तरी त्या वेगात तुमची गाडी ट्रॉलीच्या आधी थांबणार नाही. 40 ने असाल तर साधारण 27 मीटरमध्ये थांबते. एवढाच फरक, आणि तो पुरतो.

याच नगरमध्ये लष्करी वाहनांची कसून चाचणी घेणारी व्हीआरडीई आहे. ब्रेकपासून सगळं तिथे मोजून पाहतात. आणि तिच्याच शेजारच्या रस्त्यांवर विनादिव्याची ट्रॉली बिनघोर चालते. असो.

ट्रॅक्टरमालकांना हात जोडून सांगणं आहे. दसऱ्याला ट्रॅक्टरला झेंडूचा हार घालताच, त्याच दिवशी ट्रॉलीच्या मागच्या बाजूला आणि दोन्ही कडांना लाल रेडियम नव्याने लावा. काही शे रुपयांचा खर्च. ते मागच्या फळीवर खाली लावा, जिथे ऊस येत नाही. कारखान्यांच्या गव्हाणीवर हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर लावण्याचे कार्यक्रम होतात, ते चांगलंच आहे. पण जानेवारीपर्यंत त्यावर चिखल बसतो. ट्रॅक्टरचालकाने खेप भरताना फडकं मारलं तरी काम होतं.

पावसाला आणि घाटाला दोष देण्याचीही आपल्याला सवय आहे. करंजी घाट अवघड आहे, खरं. पण 2022 च्या केंद्र सरकारच्या अहवालात देशात 4,61,312 अपघात आणि 1,68,491 मृत्यू नोंदले आहेत, आणि त्यातले सुमारे तीन चतुर्थांश अपघात स्वच्छ हवेत, दोन तृतीयांश सरळ रस्त्यावर झालेले आहेत. मृत्यूंमध्ये वेगाचा वाटा 70 टक्क्यांच्या वर. महाराष्ट्रात त्या एका वर्षात 15,224 माणसं गेली. वेळ पाहिली तर संध्याकाळी सहा ते नऊ ही सगळ्यात वाईट, दर पाच अपघातांतला जवळपास एक त्या तीन तासांतला. भिंगारमध्ये हीच वेळ कामावरून सुटण्याची, शिकवणीवरून पोरं परतण्याची आणि भाजीच्या गाड्यांवर घोळका जमण्याची.

आता वहीचं. पोलिसांची नोंद आता ई-डार या प्रणालीत ठिकाणासकट होते. पण तिच्यात येतं ते गुन्हा दाखल झालेलं. घसरून पडलेला, आपसात मिटवलेला, दवाखान्यात 'जिन्यावरून पडलो' म्हणून सांगितलेला अपघात तिथे येत नाही. शिवाय अपघातानंतर तीस दिवसांच्या आत माणूस दगावला तर तो अपघाती मृत्यू धरतात. म्हणजे महिना संपल्यावर लगेच छापलेला आकडा पुढे वाढूही शकतो. चौकातल्या दुकानदाराला मात्र सगळं दिसतं. विजय लाइन चौकातला, आलमगीरच्या फाट्यावरचा, नागरदेवळ्याच्या बाजूचा, ज्याचं दुकान रस्त्याकडे तोंड करून आहे अशा एकेकाने एक शंभर पानी वही ठेवावी. तारीख, तिथी, वाजले किती, नेमकं कुठे (कोणत्या खांबापाशी, कोणत्या कटपाशी), गाडी कोणती, उजेड होता का, काय झालं. माणसाचं नाव नको, गाडीचा नंबर नको. कोणाची चूक होती हेही लिहू नका. त्यावर भांडणं होतात आणि वही बंद पडते. थोडक्यात वाचलेले प्रसंगही लिहा, कारण ज्या कटपाशी महिन्यात दहा वेळा करकचून ब्रेक लागतात तिथे अकराव्यांदा काय होणार हे वेगळं सांगायला नको.

दर महिन्याला बेरीज करून घाबरू नका. वर्ष जाऊ द्या, मग ठिकाणवार बेरीज करा. आकडा महिन्यांत विखुरला की बोलत नाही, जागेवर गोळा झाला की बोलतो. महामार्ग खात्याची अपघातप्रवण ठिकाणाची, म्हणजे ब्लॅक स्पॉटची व्याख्याही तशीच आहे: साधारण 500 मीटरचा पट्टा, आणि तीन वर्षांत तिथे मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, नाहीतर दहा मृत्यू. पाहा, सरकारसुद्धा तीन वर्षं बघतं, महिना बघत नाही. तुमच्या वहीत एखाद्या कटपाशी तीन वर्षांत चार गंभीर अपघात असतील तर पाचव्याची वाट बघायची का, हा प्रश्न बैठकीत विचारता येतो.

बैठक म्हणजे जिल्हा रस्ता सुरक्षा समितीची. भिंगारची अडचण अशी की रस्त्याचा एक तुकडा कटक मंडळाच्या नजरेत, पुढे नागरदेवळ्याची हद्द, आणि मधून जातो महामार्ग. अर्ज एका दारातून दुसऱ्या दारात फिरत राहतो. तो फिरतोय तोवर अपघात थांबत नाहीत. म्हणून अर्ज थेट जिल्हाधिकारी कार्यालयात त्या समितीच्या नावे द्या आणि प्रती राष्ट्रीय महामार्ग विभाग, कटक मंडळ आणि भिंगार कॅम्प पोलिस ठाण्याला.

घरच्या गोष्टी थोडक्यात, कारण त्या सगळ्यांना माहीत आहेत आणि कोणी करत नाही. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही हवं. 2022 साली देशात हेल्मेट नसलेले 50,029 जण गेले, त्यातले 14,337 मागे बसलेले. त्यात आई किती, बायको किती, हे तक्ता सांगत नाही. चांगल्या हेल्मेटने डोक्याची इजा होण्याची शक्यता दोन तृतीयांशाहून जास्त घटते. कॅम्पात शिरताना गेटवर हेल्मेट लागतं म्हणून आपण तिथे ते घालतो, आणि बाहेर पडल्यावर आरशाला अडकवतो. दहावीतल्या मुलाला 'कोपऱ्यावरून दूध आण' म्हणून गाडीची चावी देणाऱ्या बापालाही एक कलम ठाऊक असू द्या, मोटार वाहन कायद्याचं 199-अ: पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत परवाना नाही.

आणि कोणी पडलेलं दिसलं तर व्हिडिओ काढत उभे राहू नका. 108 ला फोन करा. साक्षीला कोर्टात ओढतील ही भीती जुनी आहे आणि आता निराधार आहे. सुप्रीम कोर्टाने 30 मार्च 2016 ला मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि 2019 च्या दुरुस्तीने ते कायद्यातच आले. नाव सांगण्याची सक्ती तुमच्यावर नाही. मे 2025 पासून जखमीला योजनेतल्या रुग्णालयात पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत बिनपैशाचे उपचार मिळण्याची तरतूद आहे. दवाखान्याच्या दारात 'आधी डिपॉझिट भरा' असं कोणी म्हणालं तर या योजनेचा हवाला द्या.

वही सुरू करायला मुहूर्त लागत नाही, पण कोणाला हवाच असेल तर येता पाडवा घ्या. पहिल्या वर्षाची बेरीज झाली की चार-पाच दुकानदारांनी वह्या एकत्र आणून ठिकाणवार तक्ता करा. अर्जात 'अपघातांचे प्रमाण प्रचंड वाढले आहे' असं एकही वाक्य नको. जागा, वेळा आणि मागणी तेवढी लिहा: अमुक खांबापासून तमुक कटपर्यंत उजेड नाही, दिवा हवा, अमुक कट बंद करा, इथे रंबल स्ट्रिप द्या. झेरॉक्स जोडा, आवक क्रमांकाचा शिक्का मारून पोच घ्या, आणि तीन महिन्यांनी त्याच क्रमांकावर विचारायला जा.