नखरे नव्हेत, दुखणे आहे!

महिन्यातील ठरावीक आठवड्यात नववी-दहावीतील एखादी मुलगी रडते, मैत्रिणींवर चिडते, जगणेच नको म्हणते; आणि पाळी आली की दोन-तीन दिवसांत पूर्ववत होते. घर म्हणते नखरे, शाळा म्हणते बेशिस्त, शेजार म्हणतो बाहेरची बाधा. हे दुखणे आहे आणि त्यावर उपचार आहेत, असे मात्र कोणी म्हणत नाही. माळशिरस तालुकाही याला अपवाद नाही.

पाळीपूर्व तणावाची नोंद वैद्यकशास्त्राने १९३१ साली केली. त्यातील तीव्र प्रकाराला अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली स्वतंत्र आजार मानले. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या रोगवर्गीकरणातही त्याला स्थान मिळाले. संप्रेरकांचे चढउतार सर्वच स्त्रियांत होतात, परंतु काहींचा मेंदू त्यांना अधिक संवेदनशील असतो. तीव्र आजार थोड्याजणींना जडतो, सौम्य त्रास पुष्कळजणींना होतो. निदानासाठी यंत्र लागत नाही. सलग दोन पाळीचक्रांत रोजच्या मनःस्थितीची नोंद केलेली वही हाच त्याचा मुख्य आधार आहे.

आमच्यातीलच काही साथी विचारतील की, ऊसदर, पाणी आणि रोजगार सोडून हे मध्यमवर्गीय दुखणे पक्षाने का उचलावे? साथींनो, हे दुखणे मध्यमवर्गीय नाही. मध्यमवर्गीय आहे तो उपचार! डॉक्टरची मुलगी सोलापूर-पुण्याच्या तज्ज्ञाकडे जाते. शेतमजुराची मुलगी दहावीत नापास होते आणि तिच्यासाठी स्थळ पाहिले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झाली होती.

स्त्रीच्या दुखण्याची दखल न घेण्याची परिणती काय होते, हे बीडने दाखवले. तेथे २०१९ साली शासकीय समितीने पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळी हा मजुरीतील खाडा ठरला आणि खाड्याचे मूळच कापून टाकण्यात आले. ऊसतोड टोळ्या आपल्याही तालुक्याच्या फडांत राबतात, हे विसरू नये.

डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांनी राज्यसभेत सांगितले की, पाळी हे अपंगत्व नव्हे. मान्य! परंतु जे अपंगत्व नाही ते दुखणेही नाही, हा कोणता तर्क? उलट बाजूचा धोकाही आम्ही जाणतो. मुलीचा प्रत्येक राग आजार नसतो. जिचे शिक्षण तोडले जाते, जिला 'कावळा शिवला' म्हणून बाजूला बसवले जाते, तिचा राग न्याय्यच आहे. तो पाळी आली म्हणून ओसरत नाही, आणि हा भेद तीच साधी वही दाखवते.

२०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मानसिक आरोग्याचा समावेश आहे. कागदावर! प्रत्यक्षात मुलीच्या हाती पडते ती लोहाची निळी गोळी. पालखी येते तेव्हा नातेपुते, माळशिरस, वेळापूरच्या वाटेवर शासनाला स्त्रियांचे आरोग्य आठवते. पालखी पुढे गेली की शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी आहे की नाही, हे विचारणारा कोणी उरत नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक माध्यमिक शाळेत या विषयाचे प्रशिक्षण घेतलेली एक शिक्षिका असावी. ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या दिवशी समुपदेशक आणि महिन्यातून एकदा मानसोपचारतज्ज्ञ यावा. त्रासाच्या दिवसांत घटक चाचणी बुडाली तर ती पुन्हा देता यावी. नोंदवही मुलीच्याच ताब्यात राहावी. ती शिस्तभंगाचा पुरावा होऊ नये.

यासाठी धरण बांधावे लागत नाही. पंचायत समितीवर निवेदन न्यायचे आहे, आणि त्याआधी आपल्या घरातील मुलीला 'नखरे करू नकोस' म्हणणे थांबवायचे आहे. यातील दुसरे काम अधिक कठीण आहे. सुरुवात तेथूनच होवो.