डब्याची वेळ

पहाटे पावणेपाचला फोन वाजला. “डबा तयार आहे, निघ.” बायको उशीतूनच म्हणाली, “माझा नाही झाला अजून.”

आमच्या घरात डबे दोन. एक पोळी-भाजीचा. दुसरा २० फूट लांब, आठ फूट रुंद आणि रिकामा असतानाही दोन टनांच्या वर. नागपुरात अजनीच्या कंटेनर डेपोतून मी ट्रेलर चालवतो, लोकलचा ड्रायव्हर म्हणून. न्हावाशेवा बंदरातला डबा मालगाडीने इथे येतो, तो बुटीबोरी, हिंगणा, मौद्याकडे पोचवायचा. नाहीतर रिकामा नेऊन भरून आणायचा, म्हणजे तो पुन्हा गाडीवर चढून बंदराला जातो. रेल्वेने मुंबई-नागपूर अंतर ८३७ किलोमीटर. ते गाडी कापते, माझ्या वाट्याला शेवटचे तीस-चाळीस. लांबच्या लाइनवरचे ड्रायव्हर आम्हाला चिडवतात, “तुमचं बरं आहे, रात्री घरी झोपता.” झोपतो की! फक्त कुठल्या रात्री, ते आधी सांगता येत नाही.

तांदूळ भरायचा असला की डबा उचलण्याआधी मी आत जातो आणि यार्डातल्या पोराला दोन्ही दारं बाहेरून लावायला सांगतो. डोळे अंधाराला सरावेपर्यंत उभं राहायचं, मग छताकडे बघायचं. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी उजेड टोचल्यासारखा आत येतो. त्यानंतर नाक. खालच्या प्लायवूडमध्ये मागच्या मालाचा वास मुरलेला असतो. कधी रबराचा, कधी मसाल्याचा, एकदा तर कच्च्या चामड्याचा. तांदूळ असला वास ताबडतोब ओढून घेतो. “हा नको, दुसरा दे,” म्हटलं की यार्डवाले वैतागतात. वैतागू देत. परदेशात डबा उघडल्यावर पोती भिजलेली निघाली, तर चौकशी फिरत फिरत माझ्या सहीपर्यंत येते.

ट्रेलरला डब्याच्या चार कोपऱ्यांसाठी चार लॉक. डबा बसला की फिरवून आवळायचे, उतरवण्याआधी चारही सोडायचे. शिकायला पाच मिनिटं पुरतात. पहिल्याच वर्षी, रात्री दोनच्या सुमाराला, मी तीनच सोडले. रीच स्टॅकरने डबा वरून पकडून उचलला आणि त्याच्याबरोबर माझ्या ट्रेलरची मागची चाकं जमिनीवरून सुटली. स्टॅकरवाल्याने वेळीच हात आवरला, सगळं हळूच खाली टेकवलं, आणि केबिनमधून मला जे ऐकवलं ते या सदरात छापता येणार नाही. तेव्हापासून मी लॉक हाताने चाचपून मोजतो. दोन वाजताच्या डोळ्यांचा भरवसा नाही.

पण हे सगळं मिळून तास-दीड तासाचं काम. गाडी चालवणं साधारण तेवढंच. उरलेला दिवस जातो थांबण्यात.

त्या दिवशी मौद्याकडच्या एका राइस मिलवर नऊला पोचलो. २० फुटी डब्यात ५० किलोची पाचशे पोती, म्हणजे २५ टन तांदूळ. मिलला डब्याच्या उंचीचा धक्का नाही, म्हणून ट्रेलरच्या पाठीशी लाकडी फळी टेकवून हमाल एकेक पोतं पाठीवर घेऊन चढत होते. त्यांना लवकर आटपा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दुपारी एकाने घाम पुसत सांगितलं, “भाऊ, दोनशे पोते बाकी हायेत अजून. झोपून घ्या.” मी ट्रेलरखाली सावलीत आडवा झालो. संडासाला जायचं म्हणून त्याआधी गेटवर विचारलं होतं. गार्ड म्हणाला, “ड्रायव्हरले आत जाऊ देत नाही जी.” बिचारा अवघडला होता, पण हुकूम तो हुकूम.

डब्याचा मात्र दिवस न् दिवस मोजलेला असतो. शिपिंग लाइन ठरावीक दिवस तो फुकट देते, त्यानंतर रोजचं भाडं सुरू होतं. त्यामुळे डबा रखडला की तीन ऑफिसांतून फोन येतात, “डबा कुठे? गाडी चुकायला नको.” ड्रायव्हर जेवला का, असं विचारणारा फोन घरूनच येतो. आम्हाला पैसे फेरीमागे. फेरी चार तासांची झाली काय आणि चौदा तासांची झाली काय!

गंमत अशी की हा डबा वापरात आणला तोच एका ताटकळलेल्या ट्रकवाल्याने. माल्कम मॅक्लेन त्याचं नाव, अमेरिकेतला. १९३७ मध्ये कापसाच्या गाठी घेऊन तो न्यू जर्सीत होबोकनच्या धक्क्यावर गेला. एकेक नग हाताने जहाजावर चढत होता आणि हा दिवसभर गाडीत बसून. अख्खा ट्रकच उचलून जहाजावर का ठेवत नाहीत, हा विचार तेव्हा डोक्यात आला, असं तो पुढे सांगायचा. २६ एप्रिल १९५६ ला त्याच्या ‘आयडियल एक्स’ जहाजावरून ५८ डबे नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. ही होबोकनची गोष्ट त्याने मागाहून रंगवली असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं. मला ती खरी वाटते. कापूस घेऊन दिवसभर ताटकळणं म्हणजे काय, हे विदर्भातल्या माणसाला समजावून द्यावं लागत नाही.

जहाजांचं थांबणं त्याने मिटवलं. आमचं धक्क्यावरून उठून मिलच्या गेटवर आलं.

ओळखीच्या एका वकिलाने मला तेव्हा लागू असलेला १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा दाखवला होता. दिवसाला आठ तास काम. टर्मिनलवर नुसतं हजर राहणं १५ मिनिटांहून कमी असेल, तर तेही कामाच्या तासांत धरलेलं. सहा तासांच्या हजेरीचं काय, म्हणून मी उत्साहाने पुढे वाचायला लागलो. तो म्हणाला, “थांब. हा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला लागू.” आमच्या शेठचे ट्रेलर तीन.

त्या दिवशी पाचशेवं पोतं चढलं तेव्हा साडेसहा वाजले होते. दार लावलं, सील मारलं, सीलचा नंबर पावतीशी ताडून बघितला, मग सही केली.

थांबायचे पैसे मिळतील तेव्हा मिळतील. मिल आणि गोदामवाल्यांना आज एवढंच सांगणं आहे की गेटच्या आतला एक संडास ड्रायव्हरांसाठी उघडा ठेवा. रस्त्यापलीकडे मोकळी शेतं होती तोवर कसंतरी भागत होतं. आता तिथेही तारेची कुंपणं झाली आहेत.